माहीत असलेलं पाणी

आत्यांनी फळ्यावर बेचाळीस लिहिलं, त्याखाली रेघ ओढली आणि खडू ठेवण्याआधी, न सांगता, एककही लिहिलं: मायक्रोग्रॅम प्रति लिटर. मी शाब्बास म्हणणार होते. शब्द तोंडात तयार होता, कारण चार महिन्यांत पहिल्यांदाच त्यांनी गणित कुणाकडे न बघता पुरं केलं होतं, आणि एकक विसरणं ही त्यांची जुनी खोड होती. तेवढ्यात माझी नजर ओळीच्या सुरुवातीला गेली. नमुना सात, शिसं. ठिकाण: मागच्या गल्लीतलं पाळणाघर, स्वयंपाकघराचा नळ. वर्गातले पंख्याचे, कागदांचे, बाकांचे आवाज होते तसेच चालू राहिले. मीच कुठेतरी एक पायरी चुकल्यासारखी झाले. जिना संपला असं समजून पाय टाकावा आणि खाली अजून एक पायरी निघावी, तसं. पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा दहा, हे मीच सकाळी फळ्याच्या कोपऱ्यात चौकोन काढून त्यात लिहून ठेवलं होतं. आत्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी म्हटलं, "शाब्बास." आवाज माझाच होता.

त्या पाळणाघरात माझी मुलगी असते. सकाळी साडेआठ ते चार. सात महिन्यांची असताना तिला तिथे ठेवायला लागले, आता ती चौदा महिन्यांची आहे. वर्गाला हे माहीत नव्हतं. माहीत असायचं कारणही नव्हतं. मी इथे गणित शिकवते. ही मुलंमुली, आणि आत्यांसारखी मुलांची आई होऊन बसलेली माणसं, पर्यावरण तंत्रज्ञ व्हायला आली आहेत. उद्या ती नाल्यांतून, विहिरींतून, धुराड्यांच्या तोंडातून नमुने घेतील, मोजतील, आणि कुणीतरी त्यांच्या आकड्यावर विश्वास ठेवून नळ चालू ठेवेल नाहीतर बंद करेल. म्हणून त्यांना सरासरी, प्रमाण, दशांश आणि थोडेसे आलेख आले पाहिजेत, एवढंच माझं काम. बहुतेक जण गणिताला भिऊन इथे आलेले असतात, गणित टाळता येईल असं समजून. पहिल्या दिवशी मी सांगते की टाळता येणार नाही, आणि दुसऱ्या दिवशी दोन-तीन बाकं रिकामी असतात. आत्या दुसऱ्या दिवशीही आल्या होत्या. वीस वर्षं कापडगिरणीत तपासनीस म्हणून काढलेली बाई. गिरणी बंद पडली तेव्हा सेहेचाळिसाव्या वर्षी वही घेऊन पहिल्या बाकावर येऊन बसली. सगळा वर्ग त्यांना आत्या म्हणतो, मीही म्हणते. वयाने त्या मला तशा लागतातच. भागाकार बघून त्यांना घाम फुटायचा. एकदा म्हणाल्या होत्या, मॅडम, कापडातली एक तुटलेली तार मला दहा हातांवरून दिसते, पण हे टिंब नाकासमोर असून दिसत नाही.

त्यांच्यासाठी म्हणून मी शाईचा प्रयोग केला होता. एका ग्लासात शाईचे चार थेंब, निळंभोर पाणी. त्यातला एक भाग घेऊन त्यात नऊ भाग साधं पाणी. रंग फिका झाला. आता सांगा, मूळ ग्लासात किती शाई होती? फिक्या पाण्यात जेवढी मोजली त्याच्या दहापट. यंत्राला फार कडक नमुना झेपत नाही म्हणून आपण तो पातळ करून देतो; मग यंत्र जे सांगेल ते पातळ पाण्याचं उत्तर असतं, आपल्या नळाचं नसतं. जितकं पातळ, तितक्याने गुण. हे वाक्य मी वर्गाकडून पाढ्यासारखं म्हणून घेतलं. वर्गातल्या एका मुलीने, जिला सगळे टिंब म्हणतात कारण तिची दशांशचिन्हं वहीतून पळून जातात, त्याला चालसुद्धा लावली होती. माझ्या डोक्यात आता तीच चाल वाजत होती. पाळणाघराच्या नमुन्यात यंत्राने तीन वेळा मोजून चार पूर्णांक एक, चार पूर्णांक दोन, चार पूर्णांक तीन असे आकडे दिले होते. सरासरी चार पूर्णांक दोन. दहापट पातळ केलेलं. जितकं पातळ, तितक्याने गुण. बेचाळीस. कुठेही खोट नाही.

मी वर्गाला उरलेल्या नमुन्यांच्या सरासऱ्या काढायला सांगितल्या आणि खिडकीशी जाऊन उभी राहिले. तिथे उभं राहून मी जे केलं ते आई म्हणून केलं की गणिताची शिक्षिका म्हणून, मला अजून ठरवता येत नाही. मी हिशेब मांडला. डब्यातली दुधाची पावडर कालवायला आणि प्यायला मिळून दिवसाला सहाशे मिलिलिटर पाणी. बेचाळीस गुणिले शून्य पूर्णांक सहा, पंचवीस पूर्णांक दोन. महिन्याचे बावीस दिवस, सात महिने, एकशे चौपन्न दिवस. तीन हजार आठशे ऐंशी मायक्रोग्रॅम. म्हणजे जवळजवळ चार मिलिग्रॅम. साखरेचे सहा-सात दाणे. एवढंसं, चिमटीतसुद्धा न येणारं, आणि ते तिच्या पोटात, रक्तात, हाडांत कुठे कुठे जाऊन बसलं असेल. गेल्या आठवड्यात ती ठोकळ्यावर ठोकळा ठेवता ठेवता मध्येच थांबून भिंतीकडे बघत राहिली होती. नवरा म्हणाला होता, विचार करतेय. मीही हसले होते. आता ते थांबणं मला वेगळं दिसायला लागलं. ती शेजारच्या मुलापेक्षा तीन आठवडे उशिरा उभी राहिली, तेही वेगळं दिसायला लागलं. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. वैऱ्याला बिचाऱ्याला इतका तपशील कुठून माहीत असणार.

मला हे असं होतं, हे मला माहीत आहे. ती दहा दिवसांची असताना मी वजनाचा आलेख काढायला घेतला होता. दर चार तासांनी वजन, दर वेळचं दूध मिलिलिटरमध्ये, ओले झालेले लंगोट. सहाव्या दिवशी रेघ चाळीस ग्रॅमने खाली आली, आणि मी तिला दुपट्यात गुंडाळून, आलेखाचा कागद हातात घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे धावले. त्या बाईंनी आधी बाळ बघितलं, मग कागद बघितला, मग मला बघितलं. म्हणाल्या, काटा घरातून बाहेर काढा, नाहीतर तुम्ही बाहेर पडा, पण दोघं एका घरात राहू नका. मी काटा माळ्यावर टाकायला दिला. पण आकड्याची सवय माळ्यावर टाकता येत नाही. खोलीत शिरले की मी कोपरे मोजते, टोकं मोजते, बटणं मोजते. पाळणाघराच्या ताईंना मी आजवर किती फोन केले असतील याची मात्र मोजणी ठेवलेली नाही; ती बहुधा त्यांच्याकडे असेल. खिडकीच्या गजांचा रंग उडतोय का. लाकडी घोड्याचा स्क्रू सैल वाटतो का. त्या खोलीत ठेवलेल्या फुलझाडाची पानं विषारी तर नाहीत ना. प्रत्येक वेळी काही नव्हतं. लांडगा आला म्हणून मी इतकेदा ओरडले होते की आता खरोखर आला तर मला कुठल्या तोंडाने सांगायचं ते कळेना.

तरी व्हरांड्यात जाऊन फोन लावलाच. ताईंनी उचलला, मागे भांड्यांचा आणि कुणाच्या तरी रडण्याचा आवाज होता. मी म्हटलं, तिला नळाचं पाणी देऊ नका, तिच्या पिशवीत बाटली आहे तेवढीच द्या. ताईंनी विचारलं, आज पाण्याला काय झालं? मी म्हटलं, काही झालं नाही, खात्री करायची आहे. खोटं बोलायला मला जमत नाही. फोनवर तर अजिबात नाही. त्या म्हणाल्या, बरं बाई, उकळून देते, मग तर झालं? आणि मला किंचाळावंसं वाटलं, कारण उकळल्याने पाणी उडून जातं आणि शिसं तिथेच राहतं. उकळलेलं पाणी उलट आणखी वाईट. पण हे सांगायचं म्हणजे शिशाचं नाव घ्यावं लागणार. तिथे अठरा मुलं आहेत. अठरा आया, अठरा फोन, आणि ते सगळं एका वहीतल्या, अजून कुणी न तपासलेल्या आकड्यावर. मी एवढंच म्हटलं, उकळू नका, द्यायचंच नाही, तासाभरात सांगते. ताई म्हणाल्या, "बाटलीत दोन घोट आहेत." मी म्हटलं, ठीक आहे. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की मी एक मुलगी वाचवायला फोन केला होता आणि सतरांना त्याच नळावर सोडलं होतं. ही लाज अशी होती की तिला तोंड द्यायलाही त्या वेळी सवड नव्हती.

वर्गात परत आले आणि थेट आत्यांच्या बाकाशी गेले. वही मागितली. त्यांनी कौतुकाने दिली, कडा बोटांनी सरळ करून. मी वरपासून तपासली. मला चूक हवी होती. इतकी हवी होती की पेनाचं टोक कागदात रुतत होतं. बेरीज बरोबर. भागिले तीन बरोबर. दशांशचिन्ह जाडजूड, दोनदा गिरवलेलं, जागच्या जागी. एकक बरोबर. गुणाकारही बरोबर. शिकवायला लागल्यापासून पहिल्यांदा एखाद्याची वही बरोबर असल्याचं मला वाईट वाटलं. मग पुन्हा वरून सुरुवात केली. आणि तेव्हा मला शाळेतला लंबक आठवला. प्रयोगशाळेत दोऱ्याला टांगलेला लोखंडी गोळा, मी त्याचे झोके मोजत होते, आणि गुरुत्वाकर्षणाचं उत्तर नऊ पूर्णांक आठ यायला पाहिजे हे पुस्तकात लिहिलेलं होतं. माझं दहा पूर्णांक सहा आलं. मी एक झोका मागे-पुढे केला, मग घड्याळातला अर्धा सेकंद इकडे-तिकडे, आणि नऊ पूर्णांक आठ आणलं. बाईंनी दहापैकी दहा दिले. ते दहा गुण अजून माझ्या अंगाला कुठेतरी चिकटलेले आहेत. उत्तर आधी, आकडे मागाहून. आज मी तेच करत होते, फक्त या खेपेला दोऱ्याच्या टोकाला माझी पोर होती.

काहीतरी सुचावं म्हणून मी कपाटातून गेल्या वर्षीचे सरावाचे कागद काढले. दरवर्षी विद्यार्थी साधारण त्याच जागांचे नमुने घेतात आणि मी त्यांचे आकडे पुढच्या तुकडीला गणितं म्हणून देते. संस्थेच्या फाटकाजवळचा नळ, गेल्या वर्षी: तीन पूर्णांक एक. मी फळ्याकडे बघितलं, एव्हाना वर्गाने बाकीचे आकडेही तिथे लिहिले होते. या वर्षी: तेहेतीस. मागचं तळं, गेल्या वर्षी सहा, या वर्षी अठ्ठावन्न. पाळणाघर गेल्या वर्षी यादीत नव्हतं. पण बाकी सगळं दहापट, जवळजवळ मोजून दहापट. सगळं गाव एका वर्षात दहापट कसं बिघडेल? हा विचार इतका गोड होता की मी त्याच्यावर विश्वास ठेवायला घाबरले. हवा तसा पुरावा, हवा तेव्हा, माझ्याच कपाटातून. लंबकाचा गोळा डोळ्यांसमोर झुलत होता.

मी आत्यांना खालच्या मजल्यावर चला म्हटलं, आणि टिंबलाही, कारण ती त्यांच्या गटात होती. प्रयोगशाळेत नेहमीप्रमाणे अ‍ॅसिडकाका एका डोळ्याने यंत्राकडे आणि एका डोळ्याने दाराकडे बघत बसले होते. हे आमचे प्रयोगशाळा सहायक. त्यांच्या सगळ्या सदऱ्यांना बाहीवर बारीक भोकं आहेत, म्हणून हे नाव, आणि ते त्यांना आवडतं. मी विचारलं, नमुने पातळ किती केले होते? ते म्हणाले, सगळे दहापट, त्यात गटाराचेही होते म्हणून. सगळ्यांना एकच वागणूक, नळाला वेगळी आणि गटाराला वेगळी असा पंक्तिभेद मी करत नाही. मग मी विचारलं, यंत्र स्वतःच दहाने गुणत तर नाही ना? माझा आवाज चढला असावा, कारण त्यांनी दोन्ही डोळे माझ्याकडे वळवले. पडद्यावर एक रकाना होता, गुणक नावाचा, आणि त्यात दहा लिहिलेलं होतं. मी बोट ठेवलं. हेच. काका शांतपणे म्हणाले, ते दहा मीच भरतो, पंधरा वर्षं भरतोय, ते नुसतं छापील कागदावर यावं म्हणून. यंत्र त्याला विचारत नाही. मग डोकं खाजवत म्हणाले, निदान गेल्या आठवड्यापर्यंत विचारत नव्हतं; दुरुस्तीवाला येऊन काहीतरी नवीन घालून गेलाय, काय ते त्याने मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

म्हणजे कदाचित. यंत्राने आधीच गुणलेल्या आकड्याला आत्यांनी पुन्हा गुणलं असेल, कदाचित. आणि का गुणलं? तर मी चार महिने घसा कोरडा करून पढवलं होतं म्हणून. मी उत्साहाने बोलायला लागले, की बघा, गेल्या वर्षीचे आकडे, हा रकाना, सगळं जुळतंय, म्हणजे खरा आकडा चार पूर्णांक दोन, म्हणजे मर्यादेच्या आत, म्हणजे आपण... आत्या माझ्याकडे बघत होत्या, गिरणीत कापडाकडे बघत असतील तशा. म्हणाल्या, मॅडम, तुम्ही इतक्या घाईने कधी बोलत नाही. मग सांगून टाकलं.

"माझी मुलगी असते तिथे. सात महिने तेच पाणी पितेय."

टिंबने तोंडावर हात ठेवला. आत्यांनी माझ्या हातातली वही हळूच काढून घेतली आणि मिटली. मग म्हणाल्या, "मग तुम्ही हे तपासायचं नाही. गिरणीत ज्याने विणलं त्याच्या हातात कापड तपासायला देत नसत. आपला तो बाब्या होतो." आणि थोड्या वेळाने, स्वतःशीच बोलल्यासारखं, "मीही नाही तपासायचं. मी गुणलंय."

मला राग यायला हवा होता. आला नाही. उलट पाठीवरचं काहीतरी कुणीतरी उतरवून घेतल्यासारखं वाटलं. म्हणजे आता हे माझ्या एकटीच्या नजरेवर नव्हतं. आत्यांनी काकांना विचारलं, तुमच्याकडे असं पाणी नाही का, ज्यात किती शिसं आहे ते आधीच माहीत आहे? काका म्हणाले, आहे की, पक्क्या वीसची बाटली आहे, कपाटात, कुलपात. तर मग, आत्या म्हणाल्या, ते माहीत असलेलं पाणी आमच्या नमुन्यासारखंच दहापट पातळ करा, तसंच घाला, तो रकाना तसाच ठेवा, आणि यंत्र काय म्हणतं ते बघू. मी त्यांच्याकडे बघत राहिले. हे मी शिकवलेलं नव्हतं. पातळ केल्यावर त्या पाण्यात खरं दोनच उरणार. यंत्राने दोन दाखवलं तर ते बिचारं आहे तेवढंच सांगतंय, गुणणं आपलं काम, आणि पाळणाघरातलं बेचाळीस खरं. यंत्राने वीस दाखवलं तर ते आतल्या आत गुणून मोकळं झालंय, आणि आपण दुसऱ्यांदा गुणलं. दोन किंवा वीस. माझी सगळी पोर या दोन आकड्यांच्या मधल्या जागेत येऊन उभी राहिली होती.

काकांनी बाटली काढली. एक भाग ते पाणी, नऊ भाग साधं. त्यांचे हात अजिबात घाई करत नव्हते आणि मला त्यांचे हात हलवावेसे वाटत होते. मग आकडा कुणी वाचायचा हा प्रश्न आला. मी नाही, आत्या नाहीत. काका म्हणाले, माझा चष्मा वर राहिलाय. राहिली टिंब. सगळ्या संस्थेत दशांशचिन्ह हरवणारी एकच मुलगी आहे आणि दोन की वीस हे तिने सांगायचं होतं. ती म्हणाली, मॅडम, मला नको, मी चुकेन. आत्या म्हणाल्या, आकडा सांगू नकोस, पडद्यावर डावीकडून काय काय दिसतं ते एकेक सांग, टिंबसुद्धा. आणि मला म्हणाल्या, तुम्ही तिकडे तोंड करा. मी तिकडे तोंड केलं.

तिकडे भिंत होती आणि भिंतीवर डोळे धुण्याच्या नळाची सूचना होती. डोळ्यात काही गेल्यास पंधरा मिनिटं पाण्याची धार धरावी. मी ती तीनदा वाचली. मागे यंत्राने एक खोल श्वास घेतल्यासारखा आवाज केला, मग ती तापण्याची बारीक शीळ. एका वाचनाला दोन मिनिटं लागतात. दोन मिनिटांत माणूस किती ठिकाणी जाऊन येतं. मी मुलीच्या जन्माच्या आधीच्या एका दुपारी जाऊन आले, जेव्हा मला कशाचीच भीती वाटत नसे आणि मी त्याला शहाणपण समजत असे. मी पुढच्या दहा वर्षांत जाऊन आले; एक दहा वर्षांची मुलगी पाढे म्हणता म्हणता मध्येच थांबून भिंतीकडे बघते आहे, आणि तिची आई, गणिताची शिक्षिका, तिला काही बोलत नाही. मी नवऱ्याला हे कसं सांगायचं तेही ठरवलं, वाक्यं जुळवली, त्याचा चेहरा बघितला. तो म्हणाला असता, तुझी काय चूक. आणि ते मला अजिबात सहन झालं नसतं. शीळ थांबली.

"एक," टिंब म्हणाली.

एक. वीस नाही. दोनच्या जवळचं काहीतरी, एक पूर्णांक काहीतरी. माझी बोटं भिंतीला लागली. भिंत गार होती.

"मग नऊ."

एक पूर्णांक नऊ. दोनच. अर्थात दोनच. मी काय समजून चालले होते?

"मग टिंब," ती म्हणाली. "मग आठ."

माझ्या डोक्यात ते आकडे सुटे सुटे पडले होते, फरशीवर सांडलेल्या मण्यांसारखे, आणि मला ते ओवता येत नव्हते. मी, जी रोज सहा तास हेच करते. एक, नऊ, टिंब, आठ. आत्यांनी मोठ्याने, सावकाश, पहिलीच्या पोराला वाचून दाखवावं तसं म्हटलं, एकोणीस पूर्णांक आठ. मी वळले. टिंबने पडद्यावर बोट ठेवलं होतं, थेट चिन्हावर, जणू ते पुन्हा पळून जाईल. काका म्हणाले, तीनदा घेऊ, एकावर जायचं नाही. दुसऱ्यांदा वीस पूर्णांक तीन. तिसऱ्यांदा वीस पूर्णांक एक. मधली मिनिटं मी भिंतीकडे तोंड न करता काढली. तिसऱ्या वाचनानंतर काकांनी स्टूल माझ्याकडे सरकवलं आणि मी बसले. मग मला हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यांना पाणीही, आणि टिंबने खिशातून रुमाल काढून दिला ज्यावर शाईचा डाग होता.

आत्या हसत नव्हत्या. त्यांनी वही उघडली होती आणि सात ओळींकडे बघत होत्या. म्हणाल्या, म्हणजे माझं सगळंच चुकलं. पहिल्यांदा बरोबर आलं असं वाटलं होतं. मी म्हटलं, तुमचं काही चुकलं नाही, मी शिकवलं ते अर्धं होतं. गुणायला शिकवलं, आधी कुणी गुणलंय का ते विचारायला शिकवलं नाही. आणि माहीत असलेलं पाणी घालायचं तुम्हाला सुचलं, मला सुचलं नव्हतं. त्या म्हणाल्या, त्यात काय सुचायचंय, गिरणीत पट्टी नवीन आली की आधी जुन्या पट्टीवर ठेवून बघायचो. मग त्यांनी पेन घेतलं आणि पाळणाघराच्या ओळीतला गुणाकार एका रेघेने खोडला. खोडताना विचारलं, मॅडम, चार पूर्णांक दोन म्हणजे बरं ना? मी म्हटलं, बरं. शून्य असतं तर आणखी बरं. शिशाचं असं आहे की कमी असलेलं बरं आणि नसलेलं सगळ्यात बरं. रात्रभर नळात उभं राहिलेलं पाणी सकाळी आधी थोडं सोडून द्यायला सांगावं लागेल, आणि त्या नळाचा नमुना पुढच्या आठवड्यात परत घ्यावा लागेल, अठराही मुलांसाठी. हे सगळं मी ताईंना सांगणार होते, नावानिशी, आकड्यानिशी, आणि त्या कंटाळतील तेवढं त्यांना कंटाळू देणार होते. पण ही भीती मापातली होती. चार पूर्णांक दोनएवढी. तिच्याशी मला राहता येईल असं वाटलं.

काका बाटली कुलपात ठेवत दुरुस्तीवाल्याच्या नावाने पुटपुटत होते. टिंब रुमाल परत घ्यायचं विसरून वर धावली, वर्गाला सांगायला. जिन्यात तिचा आवाज ऐकू येत होता, सगळ्यांचं चुकलं, सगळ्यांचं चुकलं, इतक्या आनंदात की जणू सगळे पास झाले. मी व्हरांड्यात आले. तासाभरात सांगते म्हटलं होतं, सव्वा तास होऊन गेला होता. फोन बराच वेळ वाजला. ताईंनी उचलला तेव्हा मागे आता रडणं नव्हतं, ठोकळे पडल्याचा आवाज होता आणि मग कुणीतरी खदखदून हसल्याचा. मी म्हटलं, पाणी बरं आहे, तपासून झालंय, बाकी संध्याकाळी सविस्तर सांगते, पण आता तिला द्यायला हरकत नाही.

"दिलं केव्हाच," ताई म्हणाल्या. "तहानलेलं पोर तुमच्या फोनची वाट बघत बसतं का?"